सावलीतला नमुना

पहिल्या खेपेला मी बादली भरली ती
फाटकाजवळच्या वाफ्याच्या कडेवरून,
जिथे कडुलिंब अकरापर्यंत सावली धरतो.
एप्रिल. पंपहाउसच्या भिंतीवरचा पारा त्रेचाळीसवर.
आणि गाळ काय, गाळच.
सोलापूर चार दिवसांआड पितं त्या पाण्याचा
तुरटीने हाताला धरून खाली बसवलेला,
कुणालाच नको असलेला भाग.

प्रयोगशाळेत तो गुणी निघाला.
पितळी वाटीत खाच पाडली,
पंचविसाव्या टोल्याला मिटली.
तीनदा केलं, तीनदा तेच.
काळ्या मातीत कालवला, ठोकला, दाबला,
आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडणारी आमची माती
निमूट राहिली.
सर म्हणाले, "रस्त्याच्या भरावाला चालेल. लिही."
मी लिहिलं.
शितावरून भात.

दुसऱ्या खेपेला इरप्पा हत्तरकी आडवा आला,
एकोणीस वर्षं हेच वाफे खरवडणारा.
"काय नेऊलालाव बाई, परत हितलंच?"
फावडं खांद्यावर टाकून
मला उन्हातून पार टोकापर्यंत चालवत नेलं.
"हितं पाइप पडतंय. जड असतंय ते हितंच बसतंय,
वाळू, शिंपल्या.
त्या टोकाला बघा, लोणी.
वर पापडी, खाली अजून वलं.
आन् ह्ये उन्हाळ्यातलं झालं. नदीला पाणी आल्यावर या,
तांबडं निघतंय. थंडीत हिरवट, वास मारतंय.
तुमी सावलीतलं उचलून
सगळ्याचं नाव सांगूलालाव."

शीत भाताबद्दल खरं बोलतं, कारण
भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजतो.
नदी अशी कुणी शिजवलेली नसते.

घरी अम्मा हसली.
"गिऱ्हाईक टॉवेलची वरची घडी बघतं,
डाग कुठल्या घडीत असतो?"
आणि नापास झालेल्या जांभळ्या सुताचं
एक अख्खं बंडल माझ्या पिशवीत टाकलं.

त्या सुताने वाफा आखला.
चोवीस चौकोन, प्रत्येकात तीन खोल्या:
पापडी, मधला, तळ.
बहात्तर डबे. नाकात मासळीसारखा वास.
डबे ओलेच आणायचे, झाकणाला मेण लावून,
कारण हा गाळ ओव्हनमध्ये एकदा कोरडा झाला
की रात्रभर पाण्यात ठेवा,
चिखल व्हायला परत येत नाही. खडे राहतो.
म्हणून विजापूर रोडच्या बसमध्ये डबे मांडीवर.
कंडक्टरने विचारलं, काय आहे?
म्हटलं, नमुने.
त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं
आणि तिकीट फाडलं.

मग ताडपत्रीवर ढीग.
शंकू करायचा, थापटून चपटा करायचा,
चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे.
उरलेले कालवून पुन्हा शंकू.
इरप्पाचा जीव खालीवर.
"टाकलेल्यात चांगलं गेलं तर?"
"जाणारच. पण वाईटही तेवढंच जायला हवं."
तो फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभा राहिला.
पटलं नव्हतं. मला तरी कुठे पूर्ण पटलं होतं,
पूर्ण पाटी गाळ उकिरड्यावर ओतताना.

आता वाटी ऐकत नाही.
पाइपाखालचा सतराव्या टोल्याला मिटतो,
टोकाचा अडतिसाव्याला,
तळाच्या एका डब्यातला मिटतच नाही, सरकत राहतो.
सर म्हणतात, एक आकडा दे.
माझ्याकडे आहे ते इथपासून तिथपर्यंत.
जुलैचे डबे अजून यायचेत.

जुन्या अहवालात एक रकाना कोरा राहिला होता:
नमुना कुठून घेतला.
काल रात्री भरला.
कडुलिंबाखालून, सकाळी दहा वाजता,
मला ऊन नको होतं म्हणून.